बर्फाखालचे जाळे

पाण्याचे असंगत आचरण शिकवताना आपण सगळेच होपच्या उपकरणापाशी येतो. उंच, उभे नळकांडे. त्याच्या मध्याभोवती बर्फ आणि मीठ भरलेले कडे. वर एक तापमापी, खाली एक. कड्याजवळचे पाणी थंड होते, जड होते, तळाशी जाते. खालच्या तापमापीतला पारा उतरत उतरत ४ अंश सेल्सिअसपाशी येऊन थांबतो. वरचा तापमापी तोवर ढिम्म असतो. मग तो खाली सरकू लागतो आणि थेट शून्यापर्यंत जातो. फळ्यावर आलेख काढून झाला की आपण निष्कर्ष सांगतो : थंड प्रदेशात सरोवर गोठते ते वरून, तळाचे पाणी पाणीच राहते, आणि त्यात मासे जिवंत राहतात. एवढ्यात घंटा होते.

निष्कर्ष बरोबरच आहे. पण त्या चित्रात एक जण कमी आहे. सरोवराच्या काठावर राहणारा माणूस त्यात नाही. तो काय खातो? पाच-सहा महिने जमीन हिमाखाली, शेतीचा प्रश्नच नाही, शिकार कधी मिळते कधी नाही. पायाखाली मीटरभर जाडीचा बर्फ आणि त्याखाली जिवंत मासे. भोक पाडून गळ टाकावा हे कुणालाही सुचेल. पण गळाला लागणाऱ्या दोन-चार माशांवर कुटुंबाचा हिवाळा निघत नाही. त्यासाठी जाळे हवे. जाळे म्हणजे पाण्यात उभी पसरलेली लांबलचक भिंत. नावेतून ती सोडणे सोपे. पण वर सलग बर्फाचे छत असताना ती पसरायची कशी?

विद्यार्थ्यांना हा प्रश्न घालून पाहावा. बहुतेक जण म्हणतात, लांब चर खणावा. मीटरभर जाडीच्या बर्फात तीस मीटरचा चर! आणि बाहेर तापमान उणे तीस. चराचे एक टोक खणून होईतो दुसरे गोठायला लागलेले असेल. हा प्रश्न उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडील लोकांनी फार पूर्वी सोडवला होता. त्यांचे उत्तर काय होते, ते कोणी कोणाकडून शिकले आणि शिकवणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे या लेखात पाहू.

सरोवर आणि मासा

आपली गोष्ट मुख्यतः कॅनडातील विनिपेग सरोवराची आहे. हे सरोवर साधारण ५० ते ५४ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पसरलेले आहे. क्षेत्रफळ सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून अधिक. पण खोली सरासरी फक्त १२ मीटर. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या हिमनद्यांच्या पाण्याने येथे एक प्रचंड सरोवर तयार झाले होते. त्याचा हा उरलेला तुकडा. क्री भाषेत नावाचा अर्थ गढूळ पाणी. नोव्हेंबरात ते गोठते आणि मे महिन्यात पुन्हा मोकळे होते.

या आणि उत्तरेकडील इतर शेकडो सरोवरांमध्ये व्हाइटफिश नावाचा मासा राहतो. सॅमनच्या कुळातला, चंदेरी, साधारण किलो-दोन किलो वजनाचा. शास्त्रीय नाव कोरेगोनस क्लुपिआफॉर्मिस. ओजिब्वे भाषेत त्याला आदिकमेग म्हणतात. आदिक म्हणजे कॅरिबू, उत्तरेकडचे मोठ्या शिंगांचे हरीण. तेव्हा आदिकमेग म्हणजे पाण्यातला कॅरिबू. जमिनीवर ज्या प्राण्यावर जगायचे त्याचेच नाव माशाला दिले, यातच त्याचे महत्त्व आले. आणखी एक कारण आहे. हिवाळ्यात नुसत्या सशांसारख्या चरबी नसलेल्या मांसावर माणूस पोटभर खाऊनही खंगत जातो. व्हाइटफिशमध्ये चरबी चांगली असते.

या माशाचे तोंड लहान आणि किंचित खालच्या बाजूला वळलेले असते. तळाजवळच्या गोगलगायी, कीटकांच्या अळ्या, बारीक कवचधारी प्राणी तो टिपतो. मोठे आमिष लावलेल्या गळाकडे तो सहसा फिरकत नाही. म्हणून त्याच्यासाठी जाळेच लागते, आणि तेही तळाजवळ. माशाचे डोके जाळ्याच्या आसात शिरते, अंग शिरत नाही. मागे हटू गेला की दोरा कल्ल्यांत अडकतो. आस किती मोठा ठेवायचा यावर कोणता मासा सापडेल आणि कोणता निसटेल हे ठरते.

शरद ऋतूच्या शेवटी व्हाइटफिश उथळ, खडकाळ भागात येऊन अंडी घालतो. अंडी तळाच्या दगडगोट्यांत पडतात, वर बर्फाचे छत तयार होते आणि सारा हिवाळा त्या शांत, थंड पाण्यात काढून वसंतात पिल्ले बाहेर येतात. थंड पाण्यात प्राणवायूही जास्त विरघळतो. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम मावतो, तर शून्य अंशाच्या पाण्यात सुमारे १४.६. आपण ज्याला बिकट परिस्थिती म्हणू, ती या माशाला मानवते.

छत कसे वाढते

बर्फाचे छत कसे वाढते हेही थोडे पाहिले पाहिजे. पहिला पातळ थर लवकर धरतो. पण एकदा तो धरला की खालच्या पाण्याची उष्णता बाहेर जाण्यासाठी त्या थरातूनच जावी लागते. थर जाड होत जातो तसा तो स्वतःच्याच वाढीला आडवा येतो. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ योसेफ श्टेफान यांनी ध्रुवीय मोहिमांच्या नोंदी वापरून १८९० च्या सुमारास याचे गणित मांडले. थंडी सारखीच राहिली तर बर्फाची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चार दिवसांत १० सेंटिमीटर जाडी झाली असेल, तर २० सेंटिमीटर व्हायला एकूण आठ नव्हे, सोळा दिवस लागतील. वर हिम पडले तर वाढ आणखी मंदावते, कारण भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते आणि ते गोधडीसारखे काम करते.

बर्फावर जगणाऱ्या माणसाला हे समीकरण माहीत नव्हते, पण त्याचा परिणाम रोज पाहण्यात होता. जाळ्यासाठी पाडलेले भोक पुन्हा लवकर गोठू नये म्हणून त्यावर हिम लोटून ठेवायचे. जेथे हिमाचा थर जाड, तेथे बर्फ पातळ असू शकतो, म्हणून तेथे जपून चालायचे. स्वच्छ, निळसर-काळा दिसणारा बर्फ भक्कम. पांढरा, दुधी बर्फ त्याच जाडीचा असला तरी कच्चा, कारण त्यात हवेचे बुडबुडे असतात. माणसाने चालायचे तर स्वच्छ बर्फ निदान १० सेंटिमीटर हवा, असे आजही सांगितले जाते. चूक झाली तर दुसरी संधी नसते. त्यामुळे हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे फार काळजीपूर्वक दिले जाई.

काठी, दोरी आणि भोके

आता आपल्या कोड्याकडे येऊ. बर्फाखाली जाळे घालण्याच्या रीतीचे एक जुने आणि तपशीलवार लेखी वर्णन सॅम्युएल हर्न याने केले आहे. हर्न हा हडसन्स बे कंपनीचा नोकर. १७६९ ते १७७२ या काळात त्याने हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरून पायी निघून आर्क्टिक समुद्र गाठण्याचा प्रयत्न केला. पहिले दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या वेळी डेने लोकांचा पुढारी मातोनाबी त्याला बरोबर घेऊन गेला, तेव्हा तो पोहोचला. हर्नच्या मृत्यूनंतर, १७९५ मध्ये, त्याचे प्रवासवर्णन छापले गेले. त्यात डेने लोकांची जाळ्याची रीत त्याने पायरीपायरीने लिहिली आहे.

आधी जाळे बर्फावर पसरून त्याची लांबी पाहायची. मग त्या लांबीभर एका रेषेत गोल भोके पाडायची, दोन भोकांमध्ये दहा-बारा फूट अंतर ठेवून. एक लांब, हलकी काठी घ्यायची आणि तिला दोरी बांधायची. काठी पहिल्या भोकातून आत सोडायची. लाकूड पाण्यावर तरंगते, म्हणून ती बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटून राहते. बेचक्याच्या दोन काठ्यांनी तिला पुढच्या भोकाच्या दिशेने ढकलायचे, तेथून त्याच्या पुढच्या, असे करत शेवटच्या भोकापर्यंत न्यायचे. काठी बाहेर काढली की दोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बर्फाखाली ओवलेली असते. आपण नाडी ओवतो ना, तसेच. तेथे बोथट सुई लागते, येथे तरंगणारी काठी.

पुढची युक्ती त्याहून छान आहे. दोरीची दोन्ही टोके एकमेकांना बांधून टाकायची, म्हणजे दोरीचे एक मोठे कडे होते. अर्धे कडे बर्फाखाली, अर्धे बर्फावर. जाळे दोरीला बांधायचे, एकाने सोडत जायचे, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला ओढायचे. खालच्या कोपऱ्यांना दगड बांधायचे, म्हणजे जाळे उभे राहते आणि प्रवाहाने वर येत नाही. मासे काढायच्या वेळी जाळे एका बाजूने बाहेर ओढायचे. ते बाहेर येते तशी दोरी त्याच्या जागी आत जाते. मासे काढून झाले की दुसऱ्याने दोरी ओढायची, जाळे पुन्हा आपल्या जागी. म्हणजे काठीचा सारा खटाटोप एकदाच. त्यानंतर रोज फक्त टोकाची दोन भोके उघडी ठेवली की झाले.

हर्न लिहितो त्या काळी डेने लोकांची जाळी हरणाच्या कातड्याच्या वादीची असत. उघड्या हवेत उणे तीस तापमानात ओले जाळे पाहता पाहता काठीसारखे ताठ होते. मासे सोडवण्याचे काम बोटांचे, ते हातमोजे घालून नीट होत नाही. म्हणून प्रत्येक मिनिट वाचवणे महत्त्वाचे. दोरीच्या त्या कड्याचे मोल येथे कळते.

एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. हर्न हे पाहत होता १७७० च्या आसपास. एडिंबरोमध्ये टॉमस चार्ल्स होपने आपला प्रयोग प्रसिद्ध केला १८०५ मध्ये. गोठण्याआधी पाणी प्रसरण पावते हे फ्लोरेन्सच्या प्रयोगकर्त्यांना सतराव्या शतकातच दिसले होते. पण थंडीने काचेचे भांडेच आकसत असेल, म्हणून पाणी वर चढलेले दिसत असेल, अशी शंका घेतली जात होती. होपचे चातुर्य असे की त्याने आकारमान मोजलेच नाही. जड पाणी खाली जाणार, एवढेच धरून त्याने दोन पातळ्यांवरची तापमाने पाहिली. भांडे आकसो की न आकसो, वादाला जागाच उरली नाही. डेने मच्छीमार हा वाद जाणत नव्हता. तळाशी पाणी आहे आणि त्यात मासा आहे, यावर त्याचे घर चालत होते.

फरच्या व्यापारासाठी उत्तरेत गेलेले युरोपीय लोकही याच माशावर जगले. व्यापारी ठाणे कोठे वसवायचे हे ठरवताना जवळ चांगली मासेमारी आहे का हे पाहिले जाई. शरदातले मासे मचाणावर टांगून ठेवत, ते आपोआप गोठत. माणसांचा शिधा माशांच्या संख्येत मोजला जाई, आणि घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांचाही.

भरल्या सरोवराकाठी

१८७५ साली आइसलंडमधून आलेल्या निर्वासितांची एक तुकडी विनिपेग सरोवराकडे निघाली. आइसलंडमध्ये तेव्हा दिवस वाईट होते. त्याच वर्षी मार्चमध्ये आस्क्या ज्वालामुखीच्या राखेने पूर्वेकडील कुरणे झाकली गेली आणि पुढच्या वर्षी आणखी लोक देश सोडून निघाले. पहिल्या तुकडीतील बरेच जण वर्षभर आधीच कॅनडात येऊन ऑन्टारिओत राहिले होते आणि तेथे त्यांचा जम बसला नव्हता. सरकारने त्यांना सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर जमीन देऊ केली. रेड नदीतून सपाट तळाच्या होड्यांनी प्रवास करत, शेवटी एका आगबोटीच्या मागे ओढले जात, अडीचशेहून अधिक माणसे २१ ऑक्टोबर १८७५ रोजी विलो पॉइंट येथे उतरली. जवळच त्यांनी गिमली हे गाव वसवले. काही आठवड्यांत सरोवर गोठले.

ही माणसे थंडीला नवखी नव्हती. मासेमारीलाही नव्हती. पण त्यांची मासेमारी समुद्रातली, उघड्या नावेतून, गळाने कॉड पकडण्याची. आइसलंडच्या किनाऱ्याजवळून उबदार सागरी प्रवाह जातो. समुद्र हिवाळ्यातही मोकळा असतो. येथे क्षितिजापर्यंत पसरलेले गोठलेले पठार होते. जाळे कोठे टाकायचे, किती खोल, कोणत्या आसाचे, आणि मुळात बर्फाखाली न्यायचे कसे, यातले काहीच त्यांच्या अनुभवात नव्हते. पहिला हिवाळा त्यांनी कोंदट झोपड्यांत, अपुऱ्या शिध्यावर काढला. स्कर्वी झाला, काही माणसे दगावली. पायाखाली मासे होतेच.

येथे जरा थांबू. 'साधनसंपत्ती' हा शब्द भूगोलात आपण सहज वापरतो : अमुक देशात कोळसा आहे, तमुक सरोवरात मासे आहेत. पण गिमलीच्या त्या हिवाळ्यात सरोवरातले मासे साधनसंपत्ती होते का? शेजारच्या ओजिब्वे कुटुंबाला होते. आइसलंडच्या कुटुंबाला नव्हते. फरक होता एका काठीचा, एका दोरीचा आणि ती वापरण्याच्या माहितीचा.

ही माहिती त्यांना मिळाली ती शेजाऱ्यांकडून. क्री आणि ओजिब्वे लोकांनी त्यांना बर्फाखाली जाळी घालायला, त्या रानात शिकार करायला, त्या थंडीत वावरायला शिकवले. नवखे शिकले, आणि चांगले शिकले. पुढच्या पन्नास वर्षांत आइसलंडहून आलेल्यांची मुले-नातवंडे विनिपेग सरोवरावरचे नावाजलेले मच्छीमार झाले.

शिकवणाऱ्यांचे काय झाले

गोष्ट येथे संपवली तर ती गोड होईल, पण अर्धी राहील. आइसलंडच्या लोकांना सरकारने दिलेली जमीन रिकामी नव्हती. गिमलीच्या उत्तरेला, आज आइसलंडिक रिव्हर म्हटल्या जाणाऱ्या नदीच्या मुखाजवळ, मूळ रहिवाशांची घरे आणि बागा होत्या. त्यांच्यात जॉन रॅमसे नावाचा ओजिब्वे गृहस्थ होता. १८७६ मध्ये नवे वसाहतकार तेथे घर बांधायला आले तेव्हा त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांना अडवले. सरकारी कागद वसाहतकारांच्या बाजूने होता. रॅमसेचे चालले नाही. पुढे त्याच रॅमसेने या लोकांना मदत केली, आणि आइसलंडच्या वंशजांच्या आठवणींत त्याचे नाव आदराने येते.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आणखी सुमारे बाराशे आइसलंडवासी आले. त्यांच्यासोबत देवीचा रोग आला. १८७६-७७ च्या हिवाळ्यात वसाहतीतील सुमारे शंभर माणसे मरण पावली, त्यांत मुले जास्त. सारा भाग महिनोन्महिने बंद ठेवण्यात आला. देवीशी ज्यांच्या शरीराचा पूर्वी कधी संबंध आला नव्हता आणि ज्यांना लस मिळाली नव्हती, त्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत हानी याहून भयंकर झाली. सँडी बार येथील गाव जवळपास नाहीसे झाले. रॅमसेची पत्नी बेट्सी गेली, मुलेही गेली. रॅमसेने तिच्यासाठी संगमरवरी दगड आणवून सँडी बार येथे उभा केला.

ज्यांनी बर्फाखालचे अन्न दाखवले, त्यांना बदल्यात काय मिळाले याचा हा हिशेब आहे. त्यात मुद्दाम केलेला अन्याय किती आणि अज्ञानाने घडलेला किती, हे वर्गात चर्चेला घ्यावे. जंतूंना हेतू नसतो. पण जमिनीच्या कागदाला असतो.

चालणारी फळी

१८८० च्या दशकात विनिपेग शहर रेल्वेने बाहेरच्या बाजारपेठांना जोडले गेले आणि सरोवरातील मासे दूरवर जाऊ लागले. आता घरापुरते चार मासे नव्हे, गाड्या भरून मासे हवे होते. हिवाळ्यातील मासेमारीला एक मोठा फायदा होता : बर्फघर लागत नसे. जाळ्यातून काढलेला मासा बर्फावर टाकला की थोड्या वेळात दगडासारखा होई. घोड्यांच्या घसरगाड्यांच्या रांगा गोठलेल्या सरोवरावरून शेकडो किलोमीटर वाहतूक करत.

काठीची रीत या गतीला पुरेना. दर दहा-बारा फुटांवर भोक पाडायचे, तेही पहारीने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅनडाच्या या सपाट प्रदेशातील मच्छीमारांमध्ये एक साधन रूढ झाले. त्याला जिगर म्हणतात. सुमारे दोन-अडीच मीटर लांबीची लाकडी फळी, मध्ये खाच, खाचेत लोखंडी टोक असलेला एक दांडा, त्याला दोरी. फळी भोकातून आत सरकवली की तरंगून बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटते. वरून दोरीला हिसका दिला की दांडा फिरतो, त्याचे टोक बर्फात रुतते आणि फळी पुढे ढकलली जाते. दोरी सैल सोडली की दांडा जागेवर येतो. पुन्हा हिसका, पुन्हा एक पाऊल. अशी ही फळी बर्फाखाली चालत जाते, मागे दोरी सोडत. वर एक जण तिची टकटक ऐकत, किंवा स्वच्छ बर्फातून तिचा भडक रंग पाहत, बरोबर चालतो. जाळ्याच्या लांबीइतके अंतर झाले की तेथे एकच भोक पाडून दोरी वर काढायची. दहा-पंधरा भोकांचे काम दोन भोकांवर आले.

यंत्र सुंदर आहे. तरफ, घर्षण आणि उत्प्लावकता ही तीन प्रकरणे एका फळीत शिकवता येतील. पण त्याची मूळ कल्पना कोणती? लाकूड तरंगते, म्हणून बर्फाचे छतच त्याचा रस्ता होते. ती कल्पना डेनेंच्या काठीत आधीच होती.

माशाला नुसते पकडण्यात नव्हे, तर टिकवण्यातही उत्तरेकडील थंडीने काही शिकवले. १९१२ च्या सुमारास क्लॅरेन्स बर्ड्झाय हा अमेरिकन गृहस्थ कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील लाब्राडोरमध्ये फरच्या व्यापारासाठी गेला होता. तेथील इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत पकडलेले मासे जागच्या जागी गोठवत, आणि महिन्यांनी वितळवलेला तो मासा चवीला ताजा लागे, हे त्याने पाहिले. मासा सावकाश गोठवला तर पाण्याचे मोठे स्फटिक तयार होतात आणि पेशी फाटतात. झटक्यात गोठवला तर स्फटिक बारीक राहतात. १९२० च्या दशकात त्याने झटपट गोठवण्याची यंत्रे तयार करून पेटंटे घेतली, आणि १९२९ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी डॉलरला हा व्यवसाय विकला. कोकण किनाऱ्यावरून परदेशी जाणारी गोठवलेली कोळंबी याच तत्त्वावर टिकते.

होपचे नाव पाठ्यपुस्तकात आहे, श्टेफानचे समीकरणात, बर्ड्झायचे पाकिटांवर. ही नावे तेथे असणे योग्यच आहे. होपने शंका मिटवली, श्टेफानने आकडा दिला, बर्ड्झायने प्रत्येक हवामानात चालेल असे यंत्र दिले. नुसत्या अनुभवातून या गोष्टी होत नाहीत. पण ज्याने पहिल्यांदा तरंगती काठी बर्फाखाली सरकवली, दोरीचे कडे केले, त्याचे नाव कोठेच नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना ज्ञान म्हणजे लिहिलेले, मोजलेले, कुणाच्या तरी नावावर असलेले, अशी सवय झालेली असते. गिमलीच्या पहिल्या हिवाळ्यात त्या व्याख्येने एकाचेही पोट भरले नसते.

छत पातळ होताना

विनिपेग सरोवरावर आजही बर्फाखाली जाळी घातली जातात. घोड्यांची जागा यांत्रिक बर्फगाड्यांनी घेतली आहे. मधल्या काळात अडचणीही आल्या. १९७० मध्ये कारखान्यांतून आलेल्या पाऱ्याच्या प्रदूषणामुळे सरोवरातील मासेमारी बंद करावी लागली होती. २०१३ मध्ये तेथे बाहेरून आलेले झेब्रा शिंपले सापडले. मिशिगन आणि ह्युरॉन या दक्षिणेकडच्या मोठ्या सरोवरांत अशाच परक्या शिंपल्यांनी पाण्यातले सूक्ष्म अन्न गाळून संपवले आणि व्हाइटफिशची संख्या बरीच घटली. तेथे दुसरी शंका बर्फावरच आहे. छत नसेल तर हिवाळी वादळांच्या लाटा थेट उथळ तळापर्यंत पोहोचतात, आणि दगडगोट्यांतील अंडी त्यात वाहून किंवा चिरडून जातात.

उत्तर गोलार्धातील सरोवरांवर बर्फ आता उशिरा धरतो आणि लवकर जातो, हे जुन्या नोंदींवरून स्पष्ट झाले आहे. या नोंदी बहुतेक शास्त्रज्ञांच्या नाहीत. जपानमधील सुवा सरोवर केव्हा गोठले हे तेथील देवळाचे पुजारी १४४३ पासून लिहीत आले. फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरील टोर्ने नदीचा बर्फ केव्हा फुटला याची नोंद १६९३ पासून आहे. सुवा सरोवर न गोठलेले वर्ष पूर्वी क्वचित येई, आता वरचेवर येते. बर्फावर जगणाऱ्यांच्या दृष्टीने यातली मोठी अडचण ही की जुनी खूणगाठ लागू पडेनाशी होते. अमुक खाडीवर अमुक महिन्यात चालायला हरकत नाही, हे आजोबांनी सांगितलेले खरे होते. आज तेच वाक्य जिवावर बेतू शकते.

वर्गासाठी

दोन सोपे प्रयोग सुचवतो. पहिला : एका उंच काचेच्या भांड्यात थंड पाणी घेऊन वर बर्फाचे भरपूर खडे तरंगत ठेवा, भांड्याला बाहेरून जाड कापड गुंडाळा आणि वर व तळाशी तापमान दर पाच मिनिटांनी मोजा. होपचे उपकरण नसलेल्या शाळेतही तळाचा पारा चारच्या आसपास रेंगाळताना दिसेल.

दुसरा : एका मोठ्या पसरट घमेल्यात किंवा टबात पाणी भरा. एका रेषेत पाच-सहा भोके पाडलेला थर्मोकोलचा तक्ता त्यावर तरंगत ठेवा. विद्यार्थ्यांना एक हलकी काडी, दोरा आणि कापडी जाळीची पट्टी द्या, आणि तक्ता न उचलता पट्टी त्याखाली पसरायला सांगा. रीत आधी सांगू नका. काडी छताला चिकटून चालते हे कुणाच्या लक्षात येते, दोऱ्याची टोके बांधण्याची युक्ती कुणाला सुचते, ते पाहा. ज्याला सुचेल त्याचे नाव फळ्यावर जरूर लिहा. मूळ काठीवाल्याचे लिहायचे राहून गेले आहे.